ताईची पांढरी भिंत

उतारावरच्या बागा करण्यात धाकटीचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे लोकांना वेगळी चौकशी करावी लागत नसे. पन्नाशीला टेकली तरी घरात ती धाकटीच. भाचरं धाकटी मावशी म्हणत, कामावरची माणसं पाठीमागे धाकट्या बाई म्हणत, आणि मोठी बहीण नुसतं "धाकटे!" अशी हाक मारी. त्या हाकेला ती हातातलं टाकून उठे. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. ताईने तिच्या वेण्या घातल्या, तिचा अभ्यास घेतला, आणि मातीत हात घालणारी मुलगी बघायला आलेल्या लोकांना नापसंत पडली तेव्हा त्यांना दारापर्यंत पोचवून वर दारही लावून घेतलं. अशा ताईला नाही म्हणायचं तिच्या जिभेला कधी वळणच पडलं नव्हतं.

कामावर मात्र ती वाघीण. नवा माणूस आला की त्याला चिखलात उभं करून पहिला धडा द्यायची. "पाणी आपलं वैरी नाही. कोंडलेलं पाणी वैरी. उतारावर भिंत बांधली ना, की मागच्या मातीत मुरलेलं पाणी भिंतीच्या पाठीशी साठतं. त्याला बाहेर यायला खाली भोकं ठेवायची. ती बुजली की पाणी वर चढतं, माती फुगते आणि भिंतीला ढकलते. म्हणून भिंतीला रडू द्यावं. रडणारी भिंत पडत नाही." हे शेवटचं वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं, की ताईच्या घरचं मांजरसुद्धा ते म्हणून दाखवेल असं भाचरं म्हणत.

ताईचं घर टेकडीच्या कुशीत होतं. घरापुढे पोहण्याचा तलाव, आणि तलावापलीकडे लगेच चढत गेलेला उघडाबोडका उतार. तलाव भावोजींचा. ताईचे यजमान जन्मभर शाळेत पोहणं शिकवत आले. आसपासची निम्मी माणसं त्यांनी पाण्यात ढकललेली, आणि त्यांतल्या काहींनी अजून त्यांना माफ केलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने हा लहानसा तलाव बांधला. मग एके दिवशी दात घासता घासता त्यांची उजवी बाजू लुळी पडली. वाचाही गेल्यात जमा. खूप झटापट केली की एखादा शब्द बाहेर येई, आणि तोही ज्याला थांबायला वेळ असेल त्यालाच ऐकू येई.

फिजिओथेरपीवाली स्पष्ट बोलणारी होती. "जमिनीवर जो पाय उचलत नाही तो पाण्यात उचलतील. यांना रोज पाण्यात चालवा. खंड पडला तर पाय आखडेल, आणि एकदा आखडला की मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

पण पाण्यात उतरवायचं कुठे? पावसाची सर आली की उतारावरची माती थेट तलावात. पाणी चहाच्या रंगाचं व्हायचं. ताईने हाक मारली, आणि धाकटी फावडी, घमेली, माणसं घेऊन हजर झाली.

तिने जीव ओतून काम केलं, यात शंका नाही. उताराच्या माथ्यावर आडवा चर खणून वरून येणारं पाणी बाजूच्या ओढ्याकडे वळवलं. उताराला पायऱ्या पाडल्या. सगळ्यांत खाली, तलावाच्या अंगाला, कंबरभर उंचीची दगडी भिंत घातली. तिच्या पाठीशी माती अडवणारं कापड, त्यात खडी, खडीत भोकाभोकांचा पाइप. मातीवर काथ्याची जाळी अंथरून जाळीच्या डोळ्यांमधून वाळा लावला, कारण हिरवळीची मुळं नुसती वरवर पसरतात आणि वाळ्याची खोल जाऊन माती धरून बसतात. तलावाच्या काठची फरशीसुद्धा पाण्याकडे उतरती न ठेवता उलटी, बाहेरच्या बाजूला उतरती केली, आणि तिच्या कडेने जाळीची पन्हळ काढली. परवानगीशिवाय पावसाचा थेंबही तलावात जाऊ नये असा बंदोबस्त.

ताईला सगळं आवडलं. फक्त भिंत तिला पांढरी हवी होती. पांढरी तर पांढरी. दगडावर गिलावा झाला, वर पांढरा रंग बसला. आणि थोड्याच दिवसांत भोकांखाली तांबूस ओघळ उतरले.

ताई म्हणजे कपबशांचे कानसुद्धा एका दिशेला लावणारी बाई. ती भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "धाकटे, ही भिंत आहे की नाक गळणारं पोर?"

"अगं, ती गळायलाच हवी. रडणारी भिंत..."

"पडत नाही. पाठ आहे मला. पण रविवारी यांचे जुने विद्यार्थी येणार आहेत. यांना पहिल्यांदा पाण्यात उतरवायचं आहे सगळ्यांसमोर. लोकांपुढे तरी रडू नकोस म्हणावं तिला. एक दिवस गं!"

एक दिवस. धाकटीने आकाशाकडे पाहिलं. ढगाचा मागमूस नव्हता. एका दिवसाने काय होतंय, असं ती मनात म्हणाली, आणि ज्या वाक्यावरून तिने आजवर कितीतरी गवंड्यांना झापलं होतं ते हेच वाक्य होतं.

शनिवारी तिने माणसांना लवकर घरी पाठवलं, यातच सगळं आलं. जे काम माणसांदेखत करायची लाज वाटते ते करू नये, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. लाकडाच्या आखूड खुंट्या तासून, त्यांना फडकं गुंडाळून तिने एकेका भोकात ठोकल्या. वरून पांढऱ्या रंगाचा हात मारला. ओघळ पुसले. ताई शेजारी उभी राहून, "ते बघ, तिथे राहिलं एक," असं बोटाने दाखवत होती. घराच्या ओसरीत भावोजी चाकाच्या खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी डावा हात वर करून हलवला. कौतुक करतायत, असं धाकटीला वाटलं. तिनेही हातोडी हलवून दाखवली.

रविवारचं काय सांगावं! भावोजींना पाण्यात उतरवायचं काम बेडक्याचं. बेडक्या म्हणजे चांगला मिशीवाला, पोराबाळांचा बाप झालेला माणूस. पण शाळेत असताना पाण्यात पाय फाकून उड्या मारायचा म्हणून भावोजींनी ठेवलेलं हे नाव त्याला जन्माचं चिकटलं. तलावाची गाळणी, पंप, औषधं सगळं तोच बघायचा. त्याने सरांच्या काखेत हात घालून त्यांना अलगद पाण्यात घेतलं आणि तो उलटा चालू लागला. "चला सर. डावा. आता उजवा. उजवा म्हटलं ना सर, आम्हाला बोलायचात की कसे!" उजवा पाय पाण्यात उचलला गेला. काठावरची टक्कल पडलेली, पोटं सुटलेली मुलं टाळ्या पिटायला लागली. भावोजींचं तोंड वाकडंतिकडं झालं आणि त्यातून एक अख्खा शब्द बाहेर आला. "बेडक्या." बेडक्या रडला. तलावातच होता म्हणून कळलं नाही इतकंच.

आणि मग ताईने सगळ्यांसमोर धाकटीचा दंड धरला. "ही बाग माझ्या धाकटीने केलीय. पूर्वी मला काळजी वाटायची हिची, माती उकरून पोट भरेल का म्हणून. आता बघा!" लोकांनी पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढले. धाकटीला जन्मात एवढं गोड काही ऐकायला मिळालं नव्हतं.

सोमवारी ती खुंट्या काढायला पक्कड घेऊन आली, हे खरं. पण ताई शेजारणीला घेऊन भिंतीसमोर उभी. "एक डाग दाखवा, एक," असं चाललेलं. पक्कड पिशवीतच राहिली. पुढच्या खेपेला गिलाव्याचा कोपरा उडेल असं वाटलं. त्याच्या पुढच्या खेपेला तर तिने भिंतीकडे पाहिलंच नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण; फरक एवढाच की तिचा पाषाण आतून ओला होत चालला होता.

मग अवेळी पाऊस आला. दिवसभर आला, न थांबता. दुसऱ्या सकाळी धाकटी पोचली तेव्हा भिंतीचं पोट फुगून फुटलं होतं, वरची पायरी वाळ्यासकट घसरून खाली आली होती, आणि तलावात पाण्याच्या जागी लाल राडा होता. गाळणी गुदमरली होती. काथ्याची जाळी पाण्यावर फाटक्या साडीसारखी पसरली होती. घरातलं कुणी अजून खाली आलं नव्हतं. धाकटीला काय झालंय ते क्षणात कळलं. ती चिखलात गुडघ्यावर बसली आणि ढिगाऱ्यातून खुंट्या वेचून पिशवीत टाकू लागली. एक सापडेना. तेवढ्यात ताईची चाहूल लागली तशी ती उठून उभी राहिली.

ताई आली, मागून बेडक्या आला. भावोजींना खुर्चीतून ओसरीच्या कडेपर्यंत आणलं होतं. ताई राड्याच्या काठाशी जाऊन उभी राहिली. मग तिची नजर उताराच्या एका बाजूला गेली. तिथे मागच्या आठवड्यात बेडक्याने गाळणीचा नवा पाइप पुरण्यासाठी चारी खणून परत बुजवली होती.

"हे तू उकरलंस ना रे?" ताई म्हणाली. "चांगली बसलेली माती उकरलीस. म्हणून सुटली."

"वहिनी, ते तर वीतभर..."

"धाकटे, तू सांग. तुला कळतं यातलं. हे उकरल्यानेच झालं ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. पिशवीतल्या खुंट्यांचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. ती चारी पायरीपासून लांब होती, उथळ होती, तिच्याने एक घमेलं मातीसुद्धा हलली नसती. हे तिला जितकं स्पष्ट माहीत होतं तितकं जगात दुसऱ्या कुणालाही नव्हतं.

"असू शकतं," धाकटी म्हणाली.

दोन शब्द. खोटंही म्हणता येणार नाही असे, असं तिने नंतर स्वतःला सांगून पाहिलं. पण बेडक्याचं तोंड तिने बघितलं होतं. तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो भांडला नाही. त्याने चारीकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. "धाकट्या बाई म्हणतात म्हणजे तसंच असेल," तो हळू म्हणाला. "मला कळायला हवं होतं."

ओसरीत भावोजी डाव्या हातातली काठी फरशीवर आपटत होते. एकसारखी. काठीचं टोक भिंतीकडे रोखून काहीतरी म्हणू पाहत होते, पण शब्द निघत नव्हता.

"बघ, किती चिडलेत तुझ्यावर," ताई बेडक्याला म्हणाली. "जा तू. उद्यापासून येऊ नकोस."

सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटायला हवं होतं. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने भिंत नव्याने बांधली. स्वतः खडी चाळली, स्वतः पाइप टाकला, भोकं पहिल्यापेक्षा मोठी आणि जास्त ठेवली. माणसं म्हणाली, बाई, तुम्ही कशाला, आम्ही आहोत ना. पण तिला कष्टच हवे होते. अंग मोडून आलं की झोप लागे, आणि झोपेत कुणी विचारत नसे की धाकटे, तू सांग. नव्या पांढऱ्या भिंतीवर पुन्हा तांबूस ओघळ उतरले. धाकटी बोलणी खायच्या तयारीने ताईकडे बघत राहिली. ताई भिंतीवरून नजर फिरवून आत निघून गेली. ओघळांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. पाय आखडायच्या काळजीपुढे भिंतीचं काय, असं धाकटीने आपल्यापुरतं समजून घेतलं.

तलाव स्वच्छ झाला, भरला. दुसरा एक माणूस ठेवला, दणकट आणि गोड बोलणारा. भावोजी त्याच्याबरोबर पाण्यात उतरेनात. खुर्ची काठाशी नेली की डाव्या हाताने चाक घट्ट धरून ठेवत. ताई रागावली, तिने समजावलं, शेवटी विनवलं. ते चाक सोडेनात. फिजिओथेरपीवालीने त्यांची पोटरी दाबून पाहिली आणि ती ताईला बाजूला घेऊन गेली.

त्या संध्याकाळी ताईचा आवाज पहिल्यांदाच बसलेला वाटला. "धाकटे, त्या बेडक्याला घेऊन ये. मी निरोप पाठवला, तो येत नाही म्हणतो. तू समजाव. म्हणावं, झालं गेलं विसरलो आम्ही."

बेडक्या एका शाळेच्या तलावावर जाळीने पानं काढत होता. धाकटीला बघून त्याने जाळी खाली ठेवली आणि हात पँटला पुसले, जणू तिची काहीतरी उधारी होती.

"ताईने बोलावलंय," ती म्हणाली. "तिच्या मनात आता काही नाही."

"त्यांचा मोठेपणा," बेडक्या म्हणाला. "पण कोणत्या तोंडाने येऊ हो? सर पाण्यात चालायला लागले होते. बोलायला लागले होते. माझं नाव घेतलं त्यांनी. आणि मीच..." त्याने मान फिरवली. "आता इथला साधा नळ बंद केला तरी दोनदा जाऊन बघतो. हातावर विश्वासच राहिला नाही. या हातांनी सरांना धरू? सुटले बिटले तर?"

आता सांग, धाकटीचं मन म्हणालं. इथे आहेच कोण? पाण्यात ओळीने तरंगणारी पानं, आणि हा. तिने तोंड उघडलं. "एकदा येऊन तर जा," एवढंच बाहेर पडलं.

त्याने विचार केला. "पाण्यात नाही उतरणार. पण माफी मागायला हवी मला. ती मागितलीच नाही मी. चला."

माफी! तिच्या चुकीची माफी तो मागणार, आणि त्याला तिथवर गाडीतून नेणार ती! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. धाकटीला धरणीच्या पोटातलं सगळं माहीत होतं, पण तिने तिला घेतलं नाही. गाडी वळणांवर वळली की सीटखालच्या पिशवीत लाकूड लाकडावर वाजत होतं. फेकून द्यायलासुद्धा तिला धीर झाला नव्हता.

"काय वाजतंय?" बेडक्याने विचारलं.

"हत्यारं आहेत."

"नीट बांधून ठेवा. खराब होतील," तो काळजीने म्हणाला.

उन्हं उतरायला लागली होती. भावोजींची खुर्ची तलावाच्या काठाशी होती, ताई मागे उभी. बेडक्या फाटकातून आत आला तसा भावोजींचा डावा हात चाकावरून सुटला. पण बेडक्या जवळ गेलाच नाही. लांब फरशीच्या कडेला, पन्हळीच्या अलीकडे उभा राहिला, आणि एवढ्या मोठ्या मिशीवाल्या माणसाने शाळेतल्यासारखे हात जोडले.

"सर, माझ्यामुळे झालं सगळं. मी उकरलं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तुमचा पाय..." त्याचा आवाज फुटला. "सर, मला..."

"थांब," धाकटी म्हणाली.

पुढचे शब्द तिने ठरवले नव्हते. तिने गाडीतून पिशवी आणली आणि फरशीवर उलटी केली. खुंट्या गडगडल्या. फडकी सुकून कडक झाली होती, कडांना पांढरा रंग होता.

"तू नाही केलंस. तुझ्या चारीने काही झालं नाही. भिंतीची भोकं मी बुजवली होती. या खुंट्यांनी. एका दिवसासाठी बुजवली आणि काढल्या नाहीत, कारण लोक चांगलं म्हणत होते. त्या सकाळी मला माहीत होतं. तू उभा होतास, आणि मला माहीत होतं."

"धाकटे, गप्प बस," ताई म्हणाली.

धाकटीने वळून पाहिलं. ताईच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. काय झालं, कसल्या खुंट्या, असं तिने काहीच विचारलं नव्हतं.

"एक मला तेव्हाच मिळाली होती," ताई हळू आवाजात म्हणाली. "गाळात. मी टाकून दिली. विषय मिटला होता. आता तो येणारच होता ना कामावर! परत बोलावलंच होतं ना मी त्याला! मग कशाला उघडं पाडायचं स्वतःला? तू माझी..."

धाकटीला पुढचं समजलं. ताई आयुष्यभर तिच्यासाठी दारं लावत आली होती. हेही त्यांतलंच एक. आणि या दाराबाहेर बेडक्या उभा होता.

"नाही ताई," धाकटी म्हणाली. हे दोन शब्द तिने ताईला आजवर एकत्र कधी म्हटले नव्हते. आता म्हटले. "गप्प नाही बसणार."

बेडक्या खुंट्यांकडे बघत होता. धाकटी वाट बघत राहिली. शिव्या देईल, निदान थुंकेल तरी. तिला ते हवं होतं. शिव्या खाल्ल्या की काहीतरी फिटल्यासारखं होतं. त्याने वाकून एक खुंटी उचलली, हातात फिरवली.

"म्हणजे मी नाही केलं?" तो म्हणाला.

"नाही."

"मी नव्हतंच केलं?"

"नाही रे. नाही."

त्याच्या तोंडावर हसू पसरलं. राग नाही, काही नाही, नुसतं मोकळं हसू. त्याने खुंटी टाकली, आणि हात पुढे धरून त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू कुणीतरी ते त्याला परत आणून दिले आहेत. धाकटीला ते हसू बघवेना. आपण या माणसाच्या डोक्यावर काय ठेवलं होतं ते आता उतरताना दिसत होतं, आणि त्याचं वजन तिने तोवर करूनच पाहिलं नव्हतं.

फरशीवर काठी आपटली. भावोजींनी ती उचलून आधी धाकटीकडे रोखली, मग मागे वळवता येईल तितकी वळवून ताईकडे. त्यांचं तोंड झटापट करू लागलं. या वेळी सगळे थांबले. कुणी त्यांच्या वतीने बोललं नाही.

"दोघी," भावोजी म्हणाले. मग दम घेऊन, काठीने ओसरी दाखवत, "बघितलं. मी."

शनिवारी वर झालेला तो हात धाकटीला आठवला. ते कौतुक नव्हतं. थांबा म्हणत होते. आणि चिखलाच्या सकाळची काठीही बेडक्यासाठी नव्हती. चाक धरून बसणंही नव्या माणसासाठी नव्हतं. ज्याला बोलता येत नाही त्याने स्वतःचा पाय पणाला लावून सांगितलं होतं, आणि घरातल्या दोन बोलक्या बायकांना ते ऐकू आलं नव्हतं. ताईने तोंडाला पदर लावला. मग ती तिथेच, पांढऱ्या भिंतीच्या पायाशी, ओल्या फरशीवर बसली. साडीला डाग पडेल याचंही तिला भान नव्हतं.

बेडक्याने सदरा काढून फेकला. "चला सर, पुष्कळ झाली सुट्टी," असं म्हणत त्याने भावोजींच्या काखेत हात घातले आणि दोघं पाण्यात उतरले. पाय खरंच आखडला होता. पहिल्यांदा उजवा हललाच नाही. दुसऱ्यांदाही नाही. बेडक्या उलटा उभा होता, घाई करत नव्हता. "हात माझे चांगले आहेत सर. टाका भार. मी नव्हतं केलं ते." हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि भावोजी दरवेळी मान हलवत होते.

धाकटी काठावर उभी होती. इथून निघून जावं की थांबावं, तिला कळेना. थांबायचा हक्क नव्हता, जायचा त्याहून नव्हता. मागे भिंतीच्या भोकांतून पाणी पन्हळीत ठिबकत होतं.

उजवा पाय हलला. जेमतेम हलला, पण पाण्यावर तरंग उठला. बेडक्याने हर्षाने मान वर केली आणि समोर जी कुणी दिसली तिला, काही झालंच नाही अशा आवाजात हाक मारली, "धाकट्या बाई, टॉवेल तेवढा आणा. सर गारठतील."

ती धावत आत गेली. टॉवेल दाराशीच होता. तो छातीशी धरून ती तिथे भिंतीला टेकली आणि मोठमोठ्याने रडली, आणि मग बाहेर ते वाट बघत असतील म्हणून डोळे त्यातच पुसून, दुसरा कोरडा टॉवेल शोधून घेऊन गेली.